वकील कुणाचा?

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, "काकू, एजंट म्हणतोय आमचाच वकील घ्या, काम पटकन होईल. ऑनलाइन फॉर्म आहे, दहा मिनिटांत भरून होतो." मी "बघू" म्हणून फोन ठेवला. गॅसवर वरण होतं हे खरं, पण तोंड उघडलं असतं तर रागावलेच असते हेही खरं. आता चार दिवस झालेत. राग गेलेला नाही, लिहिता येईल इतका बसलाय.

घर घे की नको, इथे इंग्लंडात रेडिंगला घे की स्लाउला, यात मी पडणार नाही. पगार तुझा, अक्कल तुझी. मला एकच सांगायचंय, वकील तुझा हवा.

एजंट कुणाचा, याचा विचार केलास? विकणाऱ्याचा. त्याचं कमिशन विकणारा देतो आणि तेही विक्री झाली तरच. तुला बाल्कनीतून सूर्यास्त दाखवणारा तो हसरा मुलगा वाईट नसेल, पण त्याचं पोट तुझ्या सहीवर आहे. तो गिऱ्हाईक पाठवतो आणि अनेकदा वकिलाची फर्म त्याबद्दल एजन्सीला रेफरल फी मोजते. यात बेकायदेशीर काही नाही, फक्त वकिलाला ते तुला सांगावं लागतं. सांगितलेलं असतंच, आपण न वाचता "मान्य" वर टिचकी मारतो त्या बारीक अक्षरांत. आता मला सांग, ज्याला दर महिन्याला त्या एकाच दुकानातून गिऱ्हाइकं येतात, तो तुला "बाई, हे घर घेऊ नका" असं किती वेळा म्हणेल? आणि "आमचा वकील नसेल तर ऑफर मागे पडेल" असं जर तो पोरगा म्हणाला असेल, तर हे ईमेलवर लिहून दे म्हणावं. देणार नाही. तशी अट त्याला घालता येत नाही.

आमचं ऐक. सप्टेंबर २००३. तुझे काका नव्या नोकरीत, मी सात महिन्यांची गरोदर, भाड्याच्या खोलीच्या भिंतींना काळी बुरशी. स्लाउमध्ये फ्लॅट मिळाला, एजंटने वकील दिला, आम्ही घेतला. त्या माणसाला आम्ही एकदाही पाहिलं नाही. शेवटी जाड लिफाफा आला. आतल्या अहवालात नवव्या पानावर एक ओळ होती, '२४ जून १९८५ पासून ९९ वर्षांची लीज'. मी वाचली ती. पेन्सिलने खाली रेघही मारली. ते पान अजून माझ्याकडे आहे. मनात हिशेब केला, ८० वर्षं नऊ महिने उरले. म्हटलं, एवढं कोण जगतंय!

इथला नियम असा की उरलेली मुदत ८० वर्षांच्या आत आली की लीज वाढवताना फ्रीहोल्डरला, म्हणजे जमिनीच्या मूळ मालकाला, 'मॅरेज व्हॅल्यू'चा निम्मा वाटा द्यावा लागतो. लीज लांबली की फ्लॅटची किंमत वाढते, त्या वाढीतला अर्धा हिस्सा त्याचा. नावात लग्न असलं तरी आहे तो नुसता हुंडा. २४ जून २००४ ला आमचा फ्लॅट ८० च्या खाली गेला. लेक तेव्हा रांगायला लागली होती, आम्ही तिच्या मागे धावत होतो. आणि लक्षात आलं असतं तरी काय करणार होतो? लीज वाढवायचा हक्क मिळायला तेव्हा दोन वर्षांची मालकी लागायची.

पण विकणारा तिथे सात वर्षं राहिलेला, त्याला तो हक्क होता. विक्रीआधी त्याने फ्रीहोल्डरला लीज वाढवून मागणारी नोटीस द्यायची आणि त्या नोटिशीचा फायदा घराबरोबर आमच्या नावे करून द्यायचा, ही इथली रुळलेली पद्धत आहे. एक नोटीस, एक जास्तीचं पान. आमच्या वकिलाने शब्द काढला नाही. नोटीस म्हणजे आणखी काही आठवडे, आणि एजंटला ते महिनाअखेर उरकायचं होतं. मला तरी तसंच वाटतं, सिद्ध करता येणार नाही. २०१२ मध्ये फ्लॅट विकायला काढला तर घेणाऱ्याच्या वकिलाने पहिल्याच पत्रात लीजचा मुद्दा काढला. तो त्याचा स्वतःचा वकील होता ना! लीज वाढवण्यात साडेअकरा हजार पौंड गेले, वर दोन्हीकडच्या वकिलांची आणि किंमत काढणाऱ्यांची फी.

तुझे काका दर दिवाळीत विचारतात, रेघ मारलीस तर फोन का नाही केलास? केला होता. तीनदा. दर वेळी वेगळी मुलगी उचलायची आणि फाइल नंबर विचारायची. चौथ्यांदा केला नाही, एवढाच माझा गुन्हा. आठव्या महिन्यात पाय सुजलेली बाई किती वेळा फोन करेल? असो.

ती दोन वर्षांची अट ३१ जानेवारी २०२५ ला गेली. तो मॅरेज व्हॅल्यूचा हुंडा बंद करणारा कायदाही २०२४ मध्ये मंजूर झालाय. पण मंजूर होणं आणि लागू होणं यांत इथेही मैलांचं अंतर असतं, तेव्हा त्या भरवशावर सही करू नकोस. आजच सरकारी साइटवरून लँड रजिस्ट्रीचा टायटल रजिस्टर, म्हणजे मालकीची नोंद, उतरवून घे. सात पौंड पडतात. हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या दलालांच्या साइट जास्त उकळतात, त्यांच्यावर जाऊ नकोस. लीजची तारीख आणि मुदत त्यात असते. तो कागद समोर ठेवून वकिलाला फोन कर, फी ठरायच्या आधी. विचार की ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला द्यायचं जमिनीचं भाडं, कधी आणि कितीने वाढतो, हे तुम्ही मला आकड्यांत लिहून द्याल का. दर दहा वर्षांनी दुप्पट होणारा ग्राउंड रेंट असलेली नवी घरं इथे हजारोंनी विकली गेली, आणि बिल्डरने सुचवलेल्या वकिलांकडून खरेदी केलेले कितीतरी लोक त्यात अडकले. २०१९ मध्ये संसदेच्या समितीनेही त्यावर बोट ठेवलं. म्हणजे हे फक्त काकूचं वेड नाही.

आता तुझा तो दहा मिनिटांचा फॉर्म. त्यात 'पहिलंच घर?' असा चौकोन होता आणि तू टिक केलीस. अगं, कोथरूडच्या फ्लॅटवर बाबांनी तुझं नाव घातलंय ना? पेढे मीच खाल्लेत त्याचे! स्टॅम्प ड्यूटीच्या नियमात पहिलं घर म्हणजे जगात कुठेही, कधीही घर नसणं, वारशाने आलेलंसुद्धा. ३,२५,००० पौंडांच्या फ्लॅटला पहिलं घर म्हणून १,२५० पौंड पडतात. सवलत गेली की ६,२५०. आणि तिकडच्या तुझ्या वाट्याची किंमत ४०,००० पौंडांच्या घरात गेली तर दुसरं घर म्हणून सरसकट ५ टक्के वर, म्हणजे एकूण २२,५००. तुझं नाव तिथे नुसतं सोयीसाठी आहे की वाटा खरा आहे, यावर हे सगळं फिरतं, आणि ते कागद बघून वकिलाने ठरवायचं असतं. चौकोन ते ठरवत नाही. तुझ्या वकिलाने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, "भारतात काही आहे का?"

म्हणून म्हणते, भारतातले कागद हाताळलेला माणूस बघ. बाबा डिपॉझिटसाठी पैसे पाठवणार म्हणजे ते कुठून आले हे विचारलं जाणारच. त्यांची स्टेटमेंटं, वाईचा प्लॉट विकल्याचा कागद, शिवाय हे पैसे परत मागणार नाही असं त्यांचं पत्र. हे पाहून जो घाबरतो, तो शेवटच्या आठवड्यात तुला रडवतो. पण म्हणून मंडळाच्या गणपतीत भेटलेला कुणी 'आपलाच' म्हणूनही घेऊ नकोस. आपला माणूस आणि तुझा वकील या वेगळ्या गोष्टी आहेत. सॉलिसिटर असो की लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (घरांच्या व्यवहाराचा परवाना असलेला), सरकारमान्य यादीत नाव बघ, तुझ्या मॉर्गेजवाल्या बँकेच्या पॅनेलवर आहे का विचार (नसेल तर बँकेच्या वकिलाची फी वेगळी बसते) आणि फाइल प्रत्यक्ष कोण बघणार त्याचं नाव घे. नाव सांगत नसतील तर फोन ठेव.

२०१२ मध्ये घर घेताना मी बाजारपेठेतल्या जिन्यावरच्या एका वकीलबाईंकडे गेले. महाग होत्या. मागच्या वाढीव खोलीला कौन्सिलचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र नाही, हे त्यांनी हेरलं. एजंट म्हणाला, त्या त्रुटीचा विमा उतरवून मोकळे व्हा, सगळे तेच करतात. बाईंनी दोन्ही वाटा समजावल्या, निर्णय माझ्यावर सोडला. मी म्हटलं, विमा नको, प्रमाणपत्र आणा. कौन्सिलला एकदा कळलं की तो विमा मिळत नाही, म्हणजे माघारी फिरायची वाट मीच बंद केली. सात आठवडे गेले, विकणारा चिडला, घर हातचं जाता जाता राहिलं. शेवटी इन्स्पेक्टर आला, छत थोडं उघडून तुळई बघितली, म्हणाला ठीक आहे. काका अजून म्हणतात, "बघ, काहीच नव्हतं." नव्हतं, हे कळलं तरी! त्याच तुळईखाली बसून मी हे लिहितेय, आणि अजूनही तेच करेन.

एक राहिलं. डिपॉझिट भरायच्या आदल्या दिवशी 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला' असा वकिलाच्या नावाने ईमेल आला तर एक पेनीसुद्धा पाठवू नकोस. आधीपासून तुझ्याकडे असलेल्या नंबरवर फोन कर.

फॉर्म गेला असला तरी घाबरू नकोस. एक्स्चेंज, म्हणजे दोन्हीकडच्या सह्यांच्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत तू घर घ्यायला बांधलेली नाहीस. वकील बदलता येतो, झालेल्या कामाचे थोडे पैसे जातील, जाऊ देत. बाबांना आजच फोन लाव आणि कोथरूडचा इंडेक्स टू व्हॉट्सअॅपवर मागव. जिन्यावरच्या बाई निवृत्त झाल्या, पण त्यांच्या हाताखालची मुलगी आता तिथेच बसते. गुरुवारी साडेचारची वेळ मी तुझ्या नावाने मागून ठेवलीय, अर्ध्या दिवसाची रजा टाक. मी बाहेर गाडीत बसेन, आत येणार नाही.