कुत्र्याबरोबर हँडलरचेही शिक्षण

प्रश्न : पोलिसांच्या श्वानपथकात वास कुत्राच ओळखतो, मग हँडलरलाही (कुत्रा हाताळणाऱ्या पोलिसालाही) त्याच्याबरोबर प्रशिक्षण कशासाठी?

उत्तर : ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात कुत्रा आणि हँडलर अशी जोडी तयार होते, कारण कुत्र्याचा इशारा हँडलरला कळला नाही तर त्याचे हुंगणे फुकट जाते. स्फोटकाचा वास लागताच कुत्रा न भुंकता, न उकरता खाली बसतो आणि बक्षीस म्हणून चेंडू मिळवतो; पण त्याआधी त्याची मान झटकन वळते, हुंगणे जलद होते, आणि तेच टिपायला शिकावे लागते. अवघड भाग वेगळाच आहे. सरावासाठी लपवलेल्या स्फोटकाच्या नमुन्याची जागा ठाऊक असलेला हँडलर तेथे नकळत पाऊल मंदावतो आणि हुशार कुत्रा वासाऐवजी त्याचाच अंदाज घेऊन बसतो. (ठपका मात्र कुत्र्यावर!) म्हणून सरावात ती जागा हँडलरपासूनही लपवतात, कधी तर नमुना ठेवतच नाहीत.