वाचकांचे प्रश्न : गडाची डागडुजी कोणी आणि कशी करावी?

प्रश्न : आमच्या गावामागच्या डोंगरावर एक लहानसा किल्ला आहे. दरवाजाची एक बाजू ढासळली आहे, बुरुजात पिंपळ उगवला आहे आणि टाकी गाळाने भरली आहेत. जुलै २०२५ मध्ये बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, पण आमच्या किल्ल्याकडे कोणी फिरकत नाही. गावातील तरुणांनी वर्गणी काढून सिमेंटने बुरूज बांधून घेण्याचे ठरवले आहे. यात गैर काय? — एक वाचक, पुणे जिल्हा

उत्तर : तरुणांची तळमळ मोलाची आहे, परंतु सिमेंटचे काम कृपया थांबवावे.

प्रथम किल्ला कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे. काही किल्ले १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर काही राज्याच्या १९६० च्या कायद्यानुसार पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. आपण उल्लेखिलेल्या बारांपैकीसुद्धा साल्हेर, राजगड, प्रतापगड व खांदेरी हे चार राज्याकडे असून रायगड, शिवनेरी, तमिळनाडूतील जिंजी आदी आठ केंद्राकडे आहेत. केंद्र संरक्षित स्मारकाला हानी पोहोचवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि त्यात हेतू चांगला होता ही सबब पुरेशी ठरत नाही. राज्यात साडेतीनशेहून अधिक किल्ले आहेत आणि त्यांतले कित्येक कोणत्याच यादीत नाहीत. तिथे जमीन वन विभागाची की महसूल खात्याची हे सातबाऱ्यावरून कळते आणि परवानगी त्यांच्याकडे मागावी लागते.

आता सिमेंटविषयी. जुने बांधकाम चुन्यातले आहे. चुन्याच्या सांध्यांतून भिंतीत मुरलेले पावसाचे पाणी हळूहळू बाहेर पडते आणि चिरे थोडे हलले तरी चुना ते सोसतो. सिमेंट कठीण असते, ओल आत कोंडते, तिच्याबरोबर क्षार दगडात साचतात आणि काही पावसाळ्यांनंतर चिऱ्यांचे पापुद्रे निघू लागतात, तेव्हा सिमेंटचा थर मात्र जसाच्या तसा उभा असतो. अनेक गडांवर आजही चुना मळण्याच्या घाण्याची गोल चर आणि त्याचे दगडी चाक पाहायला मिळते. बैल जुंपून त्या चरीत भिजवलेला चुना आणि वाळू मळत, आणि त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांचे पाणी घालण्याची रीत होती. हे काम जाणणारे गवंडी फार थोडे उरले आहेत. माझ्या मते सरकारने दर्शनी कमानी आणि रोषणाई यांच्याआधी अशा गवंड्यांच्या प्रशिक्षणावर पैसा खर्च करायला हवा, कारण माणसे नसतील तर मंजूर झालेला निधीही सिमेंटमध्येच जातो.

पिंपळ ओढून काढू नये. मुळे चिऱ्यांच्या सांध्यांत खोल गेलेली असतात आणि त्यांच्याबरोबर बुरुजाचा दर्शनी भागच खाली येतो. केवळ वरून छाटल्यास पुन्हा फुटवे येतात. खोड बुंध्याशी कापून मूळ जागच्या जागी मारणे आणि मग पोकळी चुन्याने भरणे, हे जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावे. टाक्यांचा गाळही घाईने उपसू नये, त्यात खापरे, नाणी, तोफगोळे असू शकतात आणि कोणत्या थरात काय सापडले यावरूनच त्यांचा काळ ठरतो. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातले आहे.

गावाने आज करावे असेही पुष्कळ आहे. संबंधित खात्याला कळवून कचरा आणि वाटेवरचे गवत काढावे, ढासळलेले चिरे कोणी बांधकामासाठी उचलून नेणार नाही याची राखण करावी, प्रत्येक भिंतीची छायाचित्रे दरवर्षी त्याच जागेवरून घ्यावीत. ग्रामसभेचा ठराव, सातबारा, नकाशा आणि ही छायाचित्रे जोडून पुरातत्त्व विभागाच्या पुणे कार्यालयाकडे संरक्षणाचा प्रस्ताव द्यावा. राज्य संरक्षित झाल्यावर ‘महाराष्ट्र वैभव’ योजनेत स्थानिक संस्थेला करार करून स्मारकाच्या संगोपनात अधिकृतपणे सहभागी होता येते.

प्रश्न : जागतिक वारसा यादीत नाव आल्यावर युनेस्को देखभालीचा खर्च देते का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सामान्यतः नाही. १९७२ च्या जागतिक वारसा करारानुसार जतनाची मुख्य जबाबदारी त्या त्या देशाचीच राहते आणि ठरावीक काळाने अहवालही द्यावा लागतो. दर्जा काढून घेतला जाऊ शकतो : नव्या पुलामुळे जर्मनीतील ड्रेस्डेनजवळचे एल्ब खोरे २००९ मध्ये, तर बंदर परिसरातील नव्या बांधकामांमुळे लिव्हरपूल २०२१ मध्ये यादीतून वगळले गेले. आपल्या पन्हाळ्यासारख्या, आत नांदते गाव असलेल्या गडावर नव्या बांधकामांचा हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. तेथील रहिवाशांना घरदुरुस्तीसाठी कोणते नियम लागू आहेत, हे सरकारने सोप्या मराठीत, लेखी आणि लवकर सांगणे अगत्याचे आहे.