एपिग्राफ म्हणजे शिलालेख की पुस्तकाच्या सुरुवातीचं अवतरण?

तुमचा प्रश्न असा, की शब्दकोशात 'एपिग्राफ'समोर 'शिलालेख' लिहिलंय, पण एका कादंबरीच्या परीक्षणात तोच शब्द पहिल्या पानावरच्या दोन उसन्या ओळींसाठी आलाय. मग खरा अर्थ कुठला?

दोन्ही खरे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वर लिहिलेलं' एवढाच. दगडावर कोरलं तरी वर लिहिलेलंच, आणि मजकुराच्या डोक्यावर छापलं तरी वर लिहिलेलंच. मी कोल्हापुरात गेली वीसेक वर्षं मुद्रितं तपासतो आणि सुट्टीच्या दिवशी देवळातल्या दगडांसमोर उकिडवा बसतो. त्यामुळे दोन्ही एपिग्राफ डोळ्यांखालून जातात. पैसे फक्त पहिल्या कामाचे मिळतात.

आधी दगडाचं बघू. मराठीत यासाठी 'अभिलेख' हा व्यापक शब्द आहे. दगडावर असला तर शिलालेख, तांब्याच्या पत्र्यावर असला तर ताम्रपट. आमच्या भागात शिलाहार राजघराण्याचे लेख बरेच आहेत. हे राजे स्वतःला 'श्रीमहालक्ष्मीलब्धवरप्रसाद' म्हणवून घ्यायचे, म्हणजे अंबाबाईचा वर मिळालेले. शुक्रवार पेठेतला विजयादित्याचा लेख शके १०६५ चा आहे. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन निघतो, म्हणजे ११४३. शिरोळ तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराच्या दक्षिण दाराशेजारी बाहेरच्या भिंतीवर यादव राजा सिंघणाचा संस्कृत लेख आहे, नागरी लिपीतला, शके ११३६ चा. त्याच देवळात जुन्या कन्नडमधलेही लेख आहेत. ते बघून काही जणांना राग येतो. पण तेव्हा सीमाप्रश्न नव्हता, असा लेख कोरून दान देणाऱ्याला भाषेपेक्षा दान टिकणं महत्त्वाचं होतं. आणि एक, कोरीव दिसला दगड की 'शिलालेख सापडला' म्हणून फोटो टाकू नका. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिदगडांवर, अक्षर नसतं, नुसती चित्रं असतात.

आता पुस्तकाचं. इथे एपिग्राफ म्हणजे पुस्तकाच्या किंवा प्रकरणाच्या सुरुवातीला दिलेलं दुसऱ्याचं वचन. याला मराठीत रुळलेला एकच शब्द नाही. आम्ही 'सुरुवातीचं अवतरण' म्हणतो. अर्पणपत्रिका वेगळी, ती कुणाला तरी असते. ब्रीदवाक्यही वेगळं. शिवाजी विद्यापीठाचं 'ज्ञानमेवामृतम्' हे ब्रीद आहे, ते संस्थेचं कायमचं असतं. अवतरण त्या एका पुस्तकापुरतं.

त्याचं काम काय? कीर्तन आठवा. बुवा उभे राहतात, एक अभंग लावतात आणि पुढे दोन तास त्याचं निरूपण चालतं. अवतरणही असंच आधी सूर लावून देतं. फरक एवढाच, की बुवा अभंग उलगडून दाखवतात आणि लेखकाने अवतरण उलगडून दाखवायचं नसतं. पुस्तक संपल्यावर वाचकाने मागे वळून त्या ओळी परत वाचल्या आणि त्या वेगळ्या लागल्या, तर ते जमलं.

ते वचन खरं असलंच पाहिजे असंही नाही. 'द ग्रेट गॅट्सबी' या १९२५ च्या कादंबरीच्या सुरुवातीला ज्या कवीच्या ओळी आहेत, तो कवी म्हणजे लेखक फिट्झजेराल्डच्याच आधीच्या कादंबरीतलं पात्र. पण ही गंमत कळून-सवरून केलेली. माझ्याकडे एकदा एका कवीचा संग्रह आला, सुरुवातीला सात अवतरणं. त्यात तुकोबांच्या नावावर एक ओळ, आणि त्या ओळीत 'सकारात्मक' हा शब्द! सतराव्या शतकात! तरी गाथा चाळली. नव्हतीच. कवींना विचारलं तर म्हणाले, मोबाइलवर आली होती. सहा काढायला लावली, त्यात ही पहिली गेली. 'आम्हां घरीं धन शब्दांचीच रत्ने' तेवढी राहिली. तीही इतकी वापरून गुळगुळीत झालीय की मी गप्प बसलो, एवढंच.

या दोन अर्थांची गाठ एके ठिकाणी पडते आणि मला सगळ्यात तीच आवडते. दानाच्या ताम्रपटात राजाची वंशावळ, गाव, चतुःसीमा असं सगळं सांगून झालं की शेवटी बहुधा एक श्लोक येतो: 'स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुंधराम्'. स्वतः दिलेली असो की दुसऱ्याने, जो ही जमीन हिरावेल तो साठ हजार वर्षं विष्ठेत किडा होऊन जन्मेल. हा श्लोक त्या राजाचा नव्हे. बऱ्याचदा व्यासांचं नाव सांगून घेतलेला असतो आणि कितीतरी घराण्यांच्या पत्र्यांवर तोच फिरतो. म्हणजे हेही उसनं वचनच की! पण पुस्तकात ते दारात उभं राहून स्वागत करतं, इथे शेवटी बसून राखण करतं. कारण राजाला वाचकाची चिंता नव्हती, पुढच्या राजाची होती.

आणि ज्याला वाचताच येत नाही त्याचं काय? त्याच्यासाठी गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड. वर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेतोवर दान चालू. मध्ये लेख. खाली गाढव आणि बाई, अशी शिवी की कुणालाही कळावी.

खिद्रापूरला जाणार असाल तर सकाळी लवकर जा. ऊन तिरपं पडतं तेव्हा अक्षरं उठून दिसतात. ढग असतील तर टॉर्च दगडाला समांतर धरा. खडू, तेल, रंग काही लावू नका. माझ्या ओळखीच्या एका गावात भक्तीने ऑइलपेंट फासलेला एक दगड आहे, त्यातली पहिली 'स्वस्ति श्री' तेवढी अजून लागते.