ई-चलानांमुळे विम्याचा प्रीमियम वाढला का?

प्रश्न : मी अंबड तालुक्यात शिक्षक आहे. गेल्या वर्षी बीडच्या एका गृहस्थांकडून बाराशे सीसीची जुनी कार घेतली. आरसी माझ्या नावावर झाली, पण विमा त्यांच्याच नावावर राहिला. आता नूतनीकरणाच्या वेळी एजंट म्हणतो, गाडीवर चार ई-चलान आहेत म्हणून प्रीमियम ८,७५० वरून १३,४७० झाला, आणि ते भरल्याशिवाय पॉलिसी निघणार नाही. त्यातले दोन समृद्धी महामार्गावरच्या वेगाचे, माझेच. दोन सीटबेल्टचे, मी गाडी घेण्याआधीचे. महिनाअखेर विमा संपतोय. वाद मिटेपर्यंत थांबू का?

उत्तर : सर, एक दिवसही थांबू नका. चलानांचा वाद वेगळा, विमा वेगळा.

तुम्ही पाठवलेले गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या प्रीमियमचे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. थर्ड पार्टीचा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, आकडा दोन्हीकडे ३,४१६ रुपयेच आहे. तो केंद्र सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला जून २०२२ पासून हाच दर आहे आणि चलानांमुळे त्यात एक रुपयाही बदलत नाही. वाढ झाली आहे ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात. तिथे गेल्या वर्षी ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट होती, यंदा शून्य आहे. म्हणून चार हजारांचे आठ हजार झाले, त्यावर १८ टक्के जीएसटी. हिशेब तंतोतंत जुळतो. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकली की तो विकणाऱ्याबरोबर जातो. तुम्ही स्वतःची जुनी चारचाकी गेल्या तीन वर्षांत विकली असेल, तर त्या विमा कंपनीकडून बोनसचं पत्र मागा; तुमचा स्वतःचा बोनस या गाडीला लागू शकतो. दुचाकीचा मात्र चालत नाही.

चलानांवरून प्रीमियम ठरवण्याची कल्पना हवेतली नाही. विमा नियामकाच्या एका कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये तसा मसुदा मांडला होता : नियम मोडल्याचे गुण मोजायचे आणि त्यावर प्रीमियम ठरवायचा; दारू पिऊन गाडी चालवली तर १०० गुण, चुकीच्या पार्किंगला १०, आणि सुरुवात दिल्लीतून. पण तो मसुदाच राहिला. त्यामुळे एजंटला सांगा, ‘चलानांमुळे पॉलिसी नाकारतो’ असं कंपनीच्या लेटरहेडवर लिहून द्या. दिलं, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा; महिनाभरात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. तोवर दुसऱ्या कंपनीची पॉलिसी काढून ठेवा.

मला खरी काळजी वाटते ती तुम्ही ओघात लिहिलेल्या एका वाक्याची : विमा त्यांच्याच नावावर राहिला. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवायचं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ मुळे थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे आलं, पण गाडीच्या नुकसानीचं आलं नाही. म्हणजे इतके महिने गाडी ठोकली गेली असती किंवा चोरीला गेली असती, तर दावा फेटाळला गेला असता. ‘चालतं हो’ म्हणणाऱ्यांनी हे तुम्हाला सांगायला हवं होतं. नवी पॉलिसी तुमच्याच नावाने निघते आहे ना, हे पैसे भरण्याआधी तपासा.

आणि विमा संपलेल्या गाडीने कुणाला धडक बसली, तर नुकसानभरपाई तुमच्या खिशातून. २,००० रुपयांचा दंड हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. मोटार अपघात न्यायाधिकरणाचा लाखोंचा निवाडा झाल्यावर मालकाला रान विकायची वेळ येते, आणि तेव्हा वकिलाला फार काही करता येत नाही.

आता चलान. वेगाचे दोन तुमचे आहेत, भरून टाका. समृद्धीवर कारला सपाट भागात ताशी १२० ची मर्यादा आहे आणि वेगाचा गुन्हा पुन्हा घडला तर लायसन्स जप्त होऊ शकतं. पैशापेक्षा ते महागात पडेल. सीटबेल्टचे दोन भरू नका. महाट्रॅफिक या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, सोबत आरसीवरची हस्तांतराची तारीख दाखवा. व्यवहाराची तारीख नव्हे, आरटीओच्या नोंदीची. कायदा नोंदणीकृत मालकालाच मालक मानतो. चलानाच्या दिवशी नोंदीत ते गृहस्थ असतील, तर जबाबदारी त्यांच्याकडे वळते. त्यांना एक फोनही करा, पुष्कळदा माणसं आपणहून भरतात. लोक अदालतीची नोटीस आली तर हजर राहा, पण या दोन चलानांवर घाईने तडजोडीची सही करू नका, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. शिवाय केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची असते. चलान त्याहून जुने असतील, तर हा मुद्दा कोर्टात जरूर मांडा.

तक्रारीचा क्रमांक, आरसीची प्रत आणि एजंटचे मेसेज जपून ठेवा. पॉलिसी मात्र याच आठवड्यात काढा.