पक्षाघातानंतर वडील ताटातलं डावीकडचं का खात नाहीत?

तुम्ही लिहिलंय की उजव्या मेंदूत स्ट्रोक आल्यापासून वडील ताटातलं डावीकडचं तसंच ठेवतात, डावीकडून हाक मारली तर वळत नाहीत, डोळे तपासले तर ठीक आहेत. मग हा हट्ट आहे का? नाही. हे आधी घरातल्या प्रत्येकाला सांगा.

माझ्या आईचं हेच झालं होतं. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. ती भाजी-आमटी संपवायची, चटणी-कोशिंबीर मात्र जशीच्या तशी. तोंडाची चव गेली असेल म्हणून आम्ही दोन आठवडे चटण्या बदलत राहिलो. एकदा भाचीने सहज ताट फिरवलं, तर आईने विचारलं, "कोशिंबीर आत्ता वाढलीस का गं?"

याला निग्लेक्ट म्हणतात. डोळ्यांना दिसतं, पण लक्ष तिकडे जात नाही. मेंदूचा उजवा अर्धा दोन्ही बाजूंकडे लक्ष पुरवतो आणि डावा मुख्यतः उजवीकडेच, असं मानतात. त्यामुळे उजव्याला इजा झाली की डावी बाजू सांभाळायला कोणी उरत नाही.

1978 मध्ये बिझियाक आणि लुझ्झात्ती या इटालियन संशोधकांनी मिलानमधल्या अशा रुग्णांना तिथला कॅथेड्रलसमोरचा चौक नुसता आठवायला सांगितला. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात असं समजा म्हटल्यावर त्यांना उजवीकडच्या इमारती आठवल्या, डावीकडच्या सुटल्या. मग पायऱ्यांवरून उलट दिशेला बघताय असं समजा म्हटलं, तर मघाशी सुटलेल्या इमारती त्यांनी सांगितल्या! म्हणजे आठवण शाबूत होती.

मी आईला आमची गल्ली आठवायला लावली. घराकडून रस्त्याकडे जाताना पिठाची गिरणी आलीच नाही. येताना गिरणी आली, समोरच्या मावशींचं घर गेलं. चाळीस वर्षांची मैत्रीण! मला रडू आवरेना. चटणीवरून मी तिच्यावर चिडलो होतो.

त्यांना स्वतःला हे बहुधा जाणवत नाही, म्हणून गरम चहा डावीकडे ठेवू नका, आणि चालताना डाव्या बाजूला कोणीतरी असू द्या. आम्ही ताटाच्या आणि वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायचो. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, हा नियम. पुष्कळांना पहिल्या काही महिन्यांत बराच फरक पडतो. न्यूरॉलॉजिस्टना "निग्लेक्ट आहे का?" असं नाव घेऊनच विचारा. कागदावर आडवी रेघ देऊन तिचा मध्य दाखवायला सांगतात. आईची खूण पार उजव्या टोकाशी पडली होती.