बोरन्हाणाला घरच्या घरी मुलीचे फोटो काढायचे आहेत, लाइट कसा लावू?

तुमची लेक दीड वर्षाची आहे, घरात कॅमेरा, एक फ्लॅश आणि पांढरी छत्री आहे. पुतण्याच्या बोरन्हाणाला काढलेल्या फोटोंत त्याचा चेहरा पांढराफटक आणि हलव्याचे दागिने म्हणजे नुसते ठिपके आले होते, ते या वेळी टाळायचंय. मी चौदा वर्षं नाशिकला लहान मुलांचेच फोटो काढते आणि संक्रांत ते रथसप्तमी मला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ते ठिपके काळ्या झबल्यामुळे आले. कॅमेरा आपोआप उजेड मोजतो तेव्हा समोरचं सगळं मध्यम करडं असेल असं धरतो. चौकटभर काळा रंग दिसला की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. मग झबलं करडं दिसतं, गाल जळतात आणि हलवा तर पार पांढरा होऊन जातो. त्यामुळे सगळं मॅन्युअलवर ठेवा, म्हणजे उजेड कॅमेरा नाही, तुम्ही ठरवाल. शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ ५.६, आयएसओ ४०० इथून सुरुवात करा आणि फ्लॅशची ताकद कमी-जास्त करत हलव्यावर लक्ष ठेवा. कॅमेऱ्यातला हायलाइट अलर्ट (जास्त उजेडाची सूचना) चालू ठेवा; स्क्रीनवर हलव्याचा मुकुट लुकलुकायला लागला, तर उजेड जास्त झाला. झबलं काळंच दिसू दे, त्यातच त्या दागिन्यांची शोभा आहे.

हलव्याचा काटा फोटोत दिसलाच पाहिजे, याबद्दल मी हट्टी आहे. कुणीतरी मंद आचेवर, परातीत थेंब थेंब पाक घालत, दिवसच्या दिवस हलवत तो काटा आणलेला असतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की काट्याची सावलीच पडत नाही, मग दाणा गुळगुळीत गोळीसारखा दिसतो. फ्लॅश आणि छत्री स्टँडवर लावून मुलीच्या एका बाजूला, साधारण ४५ अंशांवर, तिच्या डोक्याहून थोडी वर ठेवा. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा. एका फ्लॅशमध्ये एवढं पुरतं. खोलीतले ट्यूब आणि बल्ब मात्र बंद करा, नाहीतर एक गाल पिवळा येतो.

आता अंतराचं. मोठ्यांचे पोर्ट्रेट काढताना लाइट जवळ आणतात, कारण उजेड मऊ पडतो. मुलांच्या बाबतीत तेच अंगाशी येतं. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट होतो. छत्री दोन फुटांवर असेल आणि पोरगी एक फूट तिकडे सरकली, तर फोटो गेलाच. तीच छत्री पाच फुटांवर असेल तर एक फूट सरकल्याने दीडपटच फरक पडतो, आणि तो रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फोटोत) नंतर सावरता येतो. उजेड थोडा कडक होतो, होऊ दे. ती जेवढ्या सतरंजीवर रांगेल, चालेल, तेवढ्या सगळ्या सतरंजीवर उजेड करा. तिला एका जागी बसवायचा प्रयत्नच करू नका. मागची भिंत किंवा पडदा तिच्यापासून चार-पाच फूट दूर असावा, म्हणजे तिची सावली त्यावर पडत नाही.

स्टँडच्या पायावर वाळूची किंवा पाच किलो तांदळाची पिशवी ठेवा, वायर चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. पहिल्या वर्षी माझ्याकडे एका मुलाने वायर ओढली आणि अख्खा स्टँड त्याच्या अंगावर झुकला. त्याच्या आईने वरच्या वर धरला. तो क्षण आठवला की आजही पोटात गोळा येतो. ही एक गोष्ट विसरू नका.

सगळी मांडणी ती झोपलेली असताना करा. तिच्या जागी बाहुली ठेवून चार फोटो काढून बघा. उठली, खाऊन झालं, की लगेच सुरुवात करा. दागिने अगदी शेवटी घाला, कारण गळ्यातला हार दोन मिनिटांत तोंडात जातो. फक्त तिच्याकडे बघत राहील असा एक माणूस नेमा. हलवा आणि बोराची बी या वयात घशात अडकू शकते. हाक एकानेच मारायची, तीही कॅमेऱ्याच्या अगदी मागून. आजी एकीकडून, मामा दुसरीकडून ओरडायला लागले की बिचारी कावरीबावरी होते. तुम्ही जमिनीवर बसा किंवा पालथे पडा, लेन्स तिच्या डोळ्यांच्या पातळीला हवी. पंधरा-वीस मिनिटं मिळतील, तेवढी भरपूर झाली.

एकटीचे फोटो औक्षणाच्या आधीच उरकून घ्या. डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडले की बरीच मुलं भोकाड पसरतात. आत्याला सांगा, पहिल्या वेळी नुसते मूठभर चुरमुरे सोड, बोरं नंतर. फ्लॅश १/८ ताकदीवर ठेवलात तर तो पटकन भरतो आणि लागोपाठ तीन-चार फोटो मिळतात. पूर्ण ताकदीवर दोन-तीन सेकंद थांबावं लागतं, तेवढ्यात चुरमुरे जमिनीवर. मग आजूबाजूची पोरं लुटायला धावतील तेव्हा कॅमेरा खाली ठेवू नका. झबल्याच्या घोळात अडकलेलं एखादं बोर ती स्वतःच उचलून बघेल, तो फोटो घ्या आणि बोर लगेच काढून घ्या.