शाळा व्यवस्थापन समितीची सभा किती दिवसांनी आणि किती वेळ?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: जिल्हा परिषद शाळेच्या समितीचे नवीन अध्यक्ष झालात. मुख्याध्यापक दर महिन्याला सभा घ्या म्हणतात, सभासद म्हणतात तिमाहीला एक बस्स झाली. आणि जी होते ती एकतर दहा मिनिटांत सह्यांवर आटोपते, नाहीतर अडीच तास लांबते.

महिन्याला एक सभा ही किमान अट आहे, त्यात घासाघीस नको. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ प्रमाणे समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण ५० टक्के महिला लागतात. १६ जणांची समिती धरली तर १२ पालक आणि ८ बाया. सभा कधी ठेवायची हे या ८ बाया ठरवतात असं समजूनच चाला. त्यातल्या बहुतेक खुरपणीला, वेचणीला रोजानं जातात. सकाळी ११ ची सभा म्हणजे त्यांचा अर्धा रोज बुडाला. संध्याकाळी ७ ला ठेवली तर चुलीची वेळ, शिवाय अप-डाऊन करणाऱ्या गुरुजींची शेवटची एसटी निघून गेलेली. बऱ्याच गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी ९ ते १०.१५ ही वेळ सगळ्यात चांगली चालते, कारण बाजाराला जायचं असल्यानं सभा आपोआप वेळेत संपते. एकदा ठरलेला वार बदलू नका. 'महिन्यातला दुसरा बाजार' एवढं सांगितलं तरी लोकांच्या लक्षात राहतं.

नेहमीच्या सभेला सव्वा तास पुरेसा आहे. मागचं इतिवृत्त अख्खं वाचत बसू नका. काय झालं, काय राहिलं, कोणाकडे राहिलं, एवढं १० मिनिटांत. मग वर्गवार हजेरी. इथं मुलांची नावं चारचौघांत घेऊ नका, 'पाचवीत सहा मुलं आठवड्यापासून गैरहजर' एवढं पुरतं, घरी कोण जाऊन येणार ते तिथंच ठरवा. पोषण आहाराला १० मिनिटं, पण तांदूळ किती शिल्लक ते रजिस्टरवरून नको. सभेआधी दोन सभासदांनी खोलीत जाऊन पोती मोजावीत, मगच सभेत आकडा सांगावा. जमाखर्चाला १५ मिनिटं आणि उरलेला वेळ एकाच मोठ्या विषयाला. दोन मोठे विषय एका सभेत घेतले की दोन्ही अर्धवट राहतात.

सभा लांबते ती 'ऐनवेळच्या विषयां'मुळे. त्यात ग्रामपंचायतीचं राजकारण शिरतं, नाहीतर एखाद्या शिक्षकाची तक्रार निघते आणि आवाज चढतात. ऐनवेळी फक्त पाणी, वीज, मुलांची सुरक्षा असे तातडीचे विषय घ्या, बाकी पुढच्या विषयपत्रिकेवर टाका. शिक्षकाबद्दलची तक्रार लेखी घ्या आणि अध्यक्ष, मुख्याध्यापक व एक महिला सभासद यांनी आधी वेगळी ऐकून घ्या. नोटीस ७ दिवस आधी, मुलांच्या हाती चिठ्ठी देऊन. व्हॉट्सॲपवर टाकली म्हणजे पोचली असं नाही, फोन बहुतेक मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या खिशात असतो. आदल्या संध्याकाळी मंदिराच्या भोंग्यावरून एकदा आठवण. आणि हो, बाई सभासद असतील तर खुर्चीवर बाईच बसतील, त्यांचे मालक नाही.

उलट, दहा मिनिटांची सभा हे प्रोसिडिंग (इतिवृत्ताची वही) नंतर घरोघरी फिरवून सह्या घेतल्याचं लक्षण असतं. इतिवृत्त सभेतच लिहा, मोठ्यानं वाचा, मग सह्या. 'दुरुस्तीबाबत चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर' हा ठराव कामाचा नाही. असा लिहा: 'ठराव क्र. ३. चौथीच्या खोलीचे ४ पत्रे गळतात. ३ दरपत्रके मागवून सर्वांत कमी दराने, संयुक्त अनुदानातून ५,००० रुपयांपर्यंत बदलावेत. जबाबदारी मुख्याध्यापक व उपाध्यक्ष, मुदत ३० जून.' खाली सूचक, अनुमोदक. (संयुक्त अनुदान म्हणजे शाळेच्या खर्चासाठी सरकारकडून वर्षाला येणारे पैसे.) पुढच्या सभेत विचारायला जागा राहते ती अशा ठरावामुळे.

चार सभांना मात्र दोन तास द्या. जूनची शाळा उघडतानाची. डिसेंबरची, कारण शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे ३१ डिसेंबरच्या आत तयार हवा. लातूर-धाराशिवकडे असाल तर ही सभा येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) आठवड्यात ठेवू नका, अख्खं गाव रानात असतं. फेब्रुवारीची, अनुदानाचा खर्च बघायला. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेच्या निकषात ३१ ते १०० पटाला वर्षाला २५,००० आणि १०१ ते २५० ला ५०,००० रुपये संयुक्त अनुदान धरलेलं आहे, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. पैसे उशिरा येतात आणि मार्चअखेर घाईत नको त्या वस्तू घेतल्या जातात. काय घ्यायचं ते ठरवून ठेवलं असेल तर पैसे आल्यावर आठवड्यात काम उरकतं.

चौथी सभा सप्टेंबरची, आणि आपल्याकडे मराठवाड्यात तीच सगळ्यात महत्त्वाची. १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला, मुक्तिसंग्राम दिनाला, पालक येतातच, त्याला जोडून घ्या. बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोडीच्या गावांत दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. कोणती मुलं मागं राहतील, कोणाकडे राहतील, हंगामी वसतिगृहाची मागणी किती मुलांची, हे निघायच्या आधी आईबापांसमोर ठरायला हवं. दिवाळीनंतर यादी करायला बसाल तर विचारायला घरी कोणी नसतं. या काळात महिन्याला दोन सभा घ्याव्या लागल्या तरी घ्या, दुसरी अर्ध्या तासाची चालते.

हाच घोळ सभासदांचाही होतो. समितीतले पाच-सहा पालक कारखान्यावर गेले की नोव्हेंबरपासून सभेला माणसं जमत नाहीत. कायद्यात 'माता-पिता किंवा पालक' असं आहे, म्हणून नातवंडं सांभाळणारी आजी सभासद होऊ शकते. समिती दर दोन वर्षांनी नव्यानं होते, त्या पालकसभेत अशा दोन-तीन आज्या आवर्जून घ्या. त्या सभेला वेळेवर येतात, आणि खिचडीत डाळ किती पडते हे त्यांच्यापासून लपत नाही.

मे महिन्यात सुट्टी असली तरी अर्ध्या तासाची सभा शाळेच्या आवारातच उभ्यानं घ्या: पत्रे, टाकी, स्वच्छतागृह, हातपंप बघत. पाऊस पडल्यावर मिस्त्री मिळत नाही.